टाळ थांबेपर्यंत

मावशीचा बायोप्सी रिपोर्ट मी पहिल्यांदा वाचला तो तिच्या कसबा पेठेतल्या घरी, शिलाई मशीनवर पसरून. २०१९ चा नोव्हेंबर होता. मशीनच्या फळीवर अर्धवट शिवलेला ब्लाउज तसाच पडला होता, बाहीला टाचण्या लावलेल्या. मावशी चहा टाकायला आत गेली होती. तिला इंग्रजी वाचता येत नाही असं नाही, पण तो लिफाफा तिने दोन दिवस उघडला नव्हता. ‘तू वाच आणि मला सांग,’ एवढंच म्हणाली.

दुसऱ्या पानावर एक ओळ होती. मायटोटिक काउंट, स्कोअर २.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. हा शब्द दरवर्षी माझ्या हाताने फळ्यावर लिहिला जातो. पण वर्गात तो कांद्याचा असतो.

कांद्याचं मूळ ज्यांनी कधी स्लाइडवर घेतलं असेल त्यांना आठवेल. पाण्याने भरलेल्या बाटलीच्या तोंडावर कांदा बसवायचा, बूड पाण्याला टेकेल असा. दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं फुटतात. सकाळी आठ-नऊच्या सुमारास त्यांची टोकं कापायची, त्या वेळी विभाजनं जास्त सापडतात. अल्कोहोल आणि ॲसेटिक ॲसिडच्या मिश्रणात ती टोकं टाकली की पेशी जिथे असेल तिथेच थबकते. मग हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये मऊ करायची, ॲसिटोकार्माइनचा थेंब, स्पिरिटच्या दिव्यावर हलकी ऊब, वर कव्हरस्लिप, त्यावर टिपकागद, आणि अंगठ्याने सरळ खाली दाब. अंगठा जरा आडवा सरकला की स्लाइड वाया. निम्म्या मुलांची पहिली स्लाइड अशीच जाते. पण ज्याची जमते तो मायक्रोस्कोपवरून डोकं वर काढतो तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. विटांसारख्या रचलेल्या पेशी, आणि त्यांतल्या काहींमध्ये लालसर दोरे. कुठे गुंता, कुठे मधोमध ओळीने मांडलेले, कुठे दोन बाजूंना ओढले जाणारे. १८८२ मध्ये वाल्थर फ्लेमिंगने सॅलॅमँडरच्या अळ्यांमध्ये हेच पाहिलं आणि धाग्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याला मायटोसिस म्हटलं. आपल्या पाठ्यपुस्तकांनीही तो धागा सोडला नाही. सूत्री विभाजन. गुणसूत्र.

मग मी मुलांना मोजायला लावते, एकूण पेशी किती आणि विभागणाऱ्या किती. जितक्या जास्त सापडतील तितकी मुलं खूश.

स्तनाच्या गाठीचा तुकडा तपासताना पॅथॉलॉजिस्ट हेच करतात. तीन गोष्टी बघतात. पेशींनी नळीसारखी मूळची मांडणी किती राखली आहे, केंद्रकांचे आकार किती बिघडले आहेत आणि ठरावीक जागेत किती पेशी विभाजनाच्या मध्यात सापडतात. प्रत्येकाला एक ते तीन गुण. मावशीचे तीन, दोन, दोन. बेरीज सात, म्हणजे ग्रेड दोन. कुणीतरी पुण्यातल्याच एखाद्या लॅबमध्ये, भिंगाला डोळा लावून, माझ्या मावशीच्या पेशी मोजल्या होत्या, जशा मी कांद्याच्या मोजायला शिकवते. मी त्या ओळीवर बोट ठेवून बसले. मावशी चहा घेऊन आली, कप ठेवला, आणि तिने रिपोर्टबद्दल काहीच विचारलं नाही. तिने विचारलं, ‘माझं काय चुकलं गं?’

हा प्रश्न पुढच्या काही महिन्यांत मी इतक्या वेळा ऐकला! कधी तिच्या तोंडून, कधी हॉस्पिटलच्या बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी बाईच्या तोंडून. आणि उत्तर द्यायला माणसं तयारच असतात. ‘मनात कुढत बसतेस, म्हणून झालं.’ ‘मूलबाळ नाही ना, त्याचं दुःख आत साठलं.’ भेटायला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी हे तिच्या तोंडावर म्हटलं, मोसंबी सोलता सोलता. मला अजून राग आहे. आजारी माणसाला गुन्हेगारही ठरवायचं, ही कुठली माया? मूल नसण्याने स्तनाच्या कर्करोगाची शक्यता थोडी वाढते हे खरं, पण त्याचं कारण हार्मोन्सच्या हिशोबात आहे, दुःखात नाही. वेगवेगळ्या कर्करोगांत तंबाखू, दारू, काही विषाणू, घराण्यातून आलेली काही जनुकं, यांचा वाटाही पक्का ठाऊक आहे. पण कुढण्याने गाठ होत नाही. मावशी तशीही कधी कुढली नाही. तिने चाळीस वर्षं पेठेतल्या बायकांचे ब्लाउज बेतले आणि दर आषाढी वारीत पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालली.

तिला खरं उत्तर द्यायचं तर पेशी कशी विभागते तिथूनच सुरुवात करावी लागणार होती.

आपल्या अंगात रोज सुमारे ३३ हजार कोटी पेशी नव्याने बनतात. रक्तातल्या, आतड्याच्या अस्तरातल्या, कातडीच्या. बहुतेक वेळा एक विभागून दोन होते, आणि दर वेळी सहाशे कोटींहून जास्त अक्षरांची संहिता पुन्हा उतरवून काढावी लागते. आपले लहियेही ‘जसे दिसले तसे लिहिले’ म्हणून शेवटी क्षमा मागत. पेशी तपासत तपासत लिहिते, दुरुस्त्या करते, तरी एखादं अक्षर निसटतं. ते बिनमहत्त्वाच्या जागी पडलं तर काही होत नाही. पण विभाजन चालवणाऱ्या जनुकात पडलं तर?

ही जनुकं कोणती, ते कळलं यीस्टवरून. लेलंड हार्टवेल यांनी अमेरिकेत साध्या बेकरीच्या यीस्टमध्ये, म्हणजे ज्याने पाव फुगतो त्यातच, विभाजन ठरावीक टप्प्यावर अडकलेले प्रकार शोधून काढले. एकेक बिघडलेलं जनुक म्हणजे एकेका टप्प्याचा पत्ता. पॉल नर्स यांनी दुसरं यीस्ट घेतलं, आफ्रिकेतल्या बिअरमधलं, आणि त्यात विभाजनाला हिरवा कंदील दाखवणारं एक जनुक सापडलं. मग १९८७ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने असं काही केलं की ते वर्गात सांगताना आजही माझा आवाज बदलतो. त्या जनुकात बिघाड असलेल्या यीस्टला त्यांनी माणसाची जनुकं दिली. त्यातल्या एकाने काम केलं. यीस्ट पुन्हा विभागायला लागलं. यीस्टची आणि आपली वाट शंभर कोटी वर्षांमागे कधीतरी वेगळी झाली, आणि तरी ही चावी दोघांच्याही कुलपाला बसली. टिम हंट यांना समुद्री अर्चिनच्या अंड्यांत एक प्रथिन दिसलं होतं, दर विभाजनाआधी साठत जाणारं आणि विभाजन होताना नाहीसं होणारं. सायक्लिन. ते साठलं की चावी फिरते, ते गेलं की फिरलेली चावी परत येते. तिघांना मिळून २००१ चं नोबेल मिळालं.

मावशीला यातलं सगळं एकदम सांगितलं नाही. केमोच्या खुर्चीत चार तास बसायचं असतं, तेव्हा थोडं थोडं सांगत गेले. पॅक्लिटॅक्सेलचे तिचे डोस सुरू होते तेव्हा लॉकडाऊन लागला होता. पेठा पत्रे ठोकून बंद केल्या होत्या, चौकात पोलिसाला हॉस्पिटलची फाइल दाखवायची आणि पुढे जायचं. रिकाम्या रस्त्यावरून मी स्कूटर चालवायची, मागे मावशी, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, तिनेच शिवलेला. पॅक्लिटॅक्सेल हे औषध मूळचं यू नावाच्या झाडाच्या सालीतलं. विभाजनाच्या वेळी पेशीत जे तंतू ताणले जाऊन गुणसूत्रं दोन बाजूंना ओढतात, ते तंतू हे औषध आखडून टाकतं. ना ते वाढत, ना मोडत. पेशी अडकते, किंवा वेडीवाकडी विभागून मरते.

उलटं काम करणारं औषध सदाफुलीत आहे. ती मावशीच्या गॅलरीत पत्र्याच्या डब्यात लावलेली आहे, अर्ध्या पुण्याच्या गॅलरीत असते तशी. व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन तिचीच, ती हे तंतू बनूच देत नाहीत. १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांच्या हाती ही पानं आली ती जमैकाहून, मधुमेहावरचा काढा म्हणून. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी धडाधड कमी झाल्या, आणि त्यातून रक्ताच्या कर्करोगावरचं औषध निघालं. हे मी कौतुकाने सांगितलं ते माझंच चुकलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू मावशीला रोज पाच पानं चावायला सांगून गेल्या. मी तो डबा उचलून वरच्या कट्ट्यावर ठेवला. औषधाचं विष मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून द्यावं लागतं. त्याचा मज्जातंतूंवर होणारा परिणाम डॉक्टरही जपून सांभाळतात. पानात ते किती, हे कोण मोजणार? डब्याची गोष्ट लहान आहे, पण असल्या सल्ल्यांनी माणसांचे महिने वाया जातात, म्हणून इथे लिहिते.

पुन्हा त्या तंतूंकडे येते, कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते तिथेच आहे. गुणसूत्रं पेशीच्या मधोमध ओळीने उभी राहतात. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती एकमेकींना बांधलेल्या असतात, आणि त्या जोडगोळीला दोन्ही बाजूंचे तंतू जोडले गेले पाहिजेत. ४६ पैकी ४५ धरली गेली आणि एक जरी सुटं राहिलं, तरी ते एकटं गुणसूत्र ‘थांबा’ असा रासायनिक इशारा देत राहतं आणि अख्खी पेशी थांबते. हा इशारा चालवणारी जनुकं १९९१ मध्ये पुन्हा यीस्टमध्येच सापडली, मॅड आणि बब अशी त्यांची नावं. शेवटचं गुणसूत्र धरलं गेलं, इशारा बंद झाला, की मगच दोर तोडणारं प्रथिन मोकळं होतं आणि दोन्ही बाजू एकदम दूर सरकतात.

मी हे कागदावर काढून दाखवत होते. मावशी थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘म्हणजे समाजआरतीसारखं.’

२०१८ मध्ये मी तिच्याबरोबर दिवे घाट चढून गेले होते. संध्याकाळी सासवडच्या तळावर माउलींची पालखी आली, सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहिल्या, हजारो टाळ एकाच वेळी वाजत होते. मग चोपदारांनी दंड वर केला आणि ‘हो’ अशी लांब हाक दिली. क्षणात सगळं शांत. इतक्या माणसांची शांतता मी आधी कधी ऐकली नव्हती. त्या शांततेत एखादी दिंडी टाळ वाजवतच राहिली तर ती तिची तक्रार असते. कुणी हरवलंय, काही अन्याय झालाय. चोपदार तिकडे जातात, विचारतात, निवाडा करतात. तो टाळ थांबेपर्यंत आरती होत नाही. एका दिंडीसाठी अख्खा सोहळा थांबतो.

मी इतकी वर्षं हा धडा शिकवते. सिग्नल, ब्रेक, चौकी, सगळ्या उपमा वापरून झाल्या. एकीलाही याची सर नाही. शेवटच्या सुट्या गुणसूत्राचा टाळ वाजतो आहे, आणि पेशी उभी आहे.

कर्करोगाच्या पेशीत हा टाळ ऐकून घेणंच ढिलं पडतं. कधी इशारा देणारी जनुकं कमजोर, कधी उलट त्यांचाच अतिरेक, कधी ऑरोरा-ए नावाच्या जनुकाच्या जादा प्रती, त्याने ओढणारी टोकं दोनाऐवजी तीन-चार होतात. जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी अर्चिनच्या एकेका अंड्यात दोन-दोन शुक्राणू शिरलेले पाहिले होते. तिथे गुणसूत्रं तीन-चार बाजूंना ओढली जात आणि कुणाच्या वाट्याला किती येतील याचा नेम नसे. १९१४ मध्ये त्यांनी लिहिलं की गाठीची सुरुवात अशाच चुकलेल्या वाटणीतून होत असावी. डीएनएची रचना कळायला अजून ३९ वर्षं होती. पुढच्या वर्षी ते गेले. त्यांच्या पत्नी मार्सेला, स्वतः जीवशास्त्रज्ञ, यांनी ते पुस्तक १९२९ मध्ये इंग्रजीत आणलं.

२०२३ च्या जूनमध्ये पालख्या पुण्यात आल्या, आणि मावशी पहिल्यांदाच म्हणाली, ‘यंदा दर्शन इथूनच घेऊ, कंबर धरलीय.’ आम्हाला वाटलं मशीनवर बसून बसून धरली असेल. पेटस्कॅनमध्ये मणक्यात आणि खुब्याच्या हाडात ठिपके निघाले.

‘छातीतली गाठ तर काढली होती. मग ही तिथे गेली कशी?’ तिने विचारलं. पसरणं हे वेगळंच काही असेल, पेशीला नंतर कुठून तरी मिळालेलं बळ असेल, असं बरीच वर्षं मीही शिकवलं. २०१८ मध्ये सॅम्युएल बखौम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की चुकीच्या वाटणीतूनच पसरण्याला जोर मिळतो. वाटणीत मागे राहिलेलं गुणसूत्र पेशीत बाजूला पडतं, त्याच्याभोवती एक छोटं कच्चं केंद्रक तयार होतं आणि त्याचं आवरण फाटतं. डीएनए बाहेर सांडतो. पेशीत डीएनए असा उघड्यावर दिसणं म्हणजे विषाणू शिरल्याची खूण, त्यासाठी पेशीकडे पहारेकरी आहेतच. ते धोक्याची घंटा वाजवतात. निरोगी पेशी या घंटेने गप्प होते किंवा मरते. कर्करोगाची पेशी ती रोज ऐकून ऐकून कोडगी होते, आणि त्याच घंटेवर हालचालीची, जागा सोडून निघण्याची जनुकं चालू करून घेते. उंदरांमध्ये गुणसूत्रांची वाटणी सुधारली तेव्हा गाठींचं पसरणं बरंच घटलं. चुकीचं वाटप, मग सांडलेला धागा, मग भटकणं. मावशी शिवणकाम करणारी बाई, तिला हे लगेच कळलं. ‘बेतताना चुकलं की पुढे सगळं उसवत जातं,’ ती म्हणाली.

आता तिची गोळी आहे पॅल्बोसायक्लिब. एकवीस दिवस घ्यायची, सात दिवस थांबायचं, आणि महिन्यातून एकदा कमरेखाली दोन्ही बाजूंना इंजेक्शन. या गोळीचं भारतातलं पेटंट २०२३ च्याच जानेवारीत संपलं होतं. आपल्या कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या आणि म्हणूनच आम्हाला त्या झेपल्या. सहा महिने आधी ही वेळ आली असती तर मशीन आणि बांगड्या दोन्ही गेल्या असत्या. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर ती रोजच्या चौकटीत निळ्या खडूने, कापडावर करतात तशी, खूण करते. सात चौकटी कोऱ्या. त्या सात दिवसांत उतरलेल्या पांढऱ्या पेशी परत वर येतात, मग रक्त तपासायचं, मग पुन्हा खूण.

ही गोळी काय करते ते मी तिला नीट सांगितलं. पेशीत आरबी नावाचं प्रथिन आहे. ते विभाजनाच्या दाराला आतून कडी लावून बसतं. लहान मुलांच्या डोळ्यांतल्या कर्करोगाच्या ४८ केसेस अभ्यासून आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये अंदाज बांधला की या रोगाला एकाच जनुकाच्या दोन्ही प्रती जाव्या लागत असणार. ते जनुक पुढे सापडलं, तेच हे. मावशीच्या गाठीत आरबी शाबूत होता, पण सायक्लिन-डीच्या जोरावर त्याची कडी सतत काढली जात होती. गोळी कडी काढणाऱ्याचा हात धरते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषाणूही याच आरबीवर घाला घालतो, हे शिकवत असताना गेल्या वर्षी मी लेकीला त्यावरची लस टोचून आणली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक. दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. वर्गातल्या मुलींच्या आयांनाही मी सांगते. काही ऐकतात.

मागच्या आठवड्यात कोरे सात दिवस चालू होते. मावशीला बरं वाटत होतं. मी कॉलेजची परवानगी काढून एक जुना मायक्रोस्कोप आणि कांद्याच्या मुळाची स्लाइड घरी आणली. मशीनवरचं कापड बाजूला सारून तिथेच ठेवली, खिडकीचा उजेड आरशावर घेतला. मावशीने चश्मा काढला, परत लावला, परत काढला. मग तिला दिसलं. सुईत दोरा ओवताना धरते तसा तिने श्वास धरला होता.

‘हे मधे ओळीने उभे आहेत ते?’

‘हो. ती पेशी थांबलीय.’

‘कुणाचा तरी टाळ वाजतोय,’ ती म्हणाली.

डोळा न काढता तिने माझा हात शोधला आणि स्लाइडवर नेऊन ठेवला. ‘सरकव जरा.’ मी सरकवली. ती ओठांतल्या ओठांत मोजायला लागली, ब्लाउजचे हुक मोजते तशी. एक. दोन. ही पण धरायची का? धर. तीन.